घरच्या सुया आणि बाहेरचा हिशेब

या मालेत आपण आतापर्यंत मोठमोठ्या शब्दांबद्दल बोललो. आज विषय घरगुती आहे: घरी बसून केलेल्या विणकामाचे चढउतार. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने स्वेटर आणि मोज्यांवर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण बघा, श्रम, मूल्य आणि काळ हे तीन शब्द आपण वर्गात फार सहजपणे वापरतो. त्या तिन्ही शब्दांची परीक्षा घ्यायला दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा पुरतो.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद फार मोकळे आहे. पैठणी विणतात, बाज विणतात, टोपली विणतात, माशाचे जाळे विणतात आणि स्वेटरही विणतात. पण या क्रियांमध्ये फरक आहे. मागावरच्या कापडात उभा आणि आडवा, असे दोन धागे एकमेकांना अडवतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. तो स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा बाहेर येतो. म्हणून हे कापड ताणले जाते, अंगाबरोबर वळते, आणि एक टोक मोकळे करून ओढले की पुन्हा धागाच हातात येतो. मागावरची साडी अशी उसवून पुन्हा दुसरी साडी होत नाही. स्वेटरचा मात्र दुसरा स्वेटर होतो. थोरल्याचा उसवून धाकट्याचा विणलेला स्वेटर आमच्या पिढीतल्या अनेकांनी घातला आहे.

आता थोडा हिशेब. मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घ्या. छाती १०० सेंटीमीटर, सेंटीमीटरला दोन टाके, म्हणजे एका फेऱ्यात २०० टाके. उंची ६० सेंटीमीटर, सेंटीमीटरला तीन ओळी, म्हणजे १८० ओळी. नुसत्या अंगाचे ३६,००० टाके झाले. दोन बाह्यांचे आणखी सतरा-अठरा हजार धरा, गळ्याचे आणि मुंढ्याचे वजा करा. ढोबळमानाने ५०,००० टाके. मिनिटाला ३० टाके या गतीने सुमारे २८ तास सलग काम. यात चुकून सुटलेला टाका उचलणे नाही, मापाला कमी पडले म्हणून चार बोटे उसवणे नाही, त्याच रंगाची लोकर संपली म्हणून दुकाने पालथी घालणे नाही.

आणि हे २८ तास सलग कोणाला मिळतात? कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, मुलाचा अभ्यास घेताना, दवाखान्यातल्या बाकावर ते तुकड्यातुकड्याने मिळतात. म्हणून बाळाच्या पहिल्या थंडीसाठी सुरू केलेला स्वेटर बाळ चालायला लागले तरी गळ्यापर्यंत पोचत नाही. जवळजवळ प्रत्येक घरात, ट्रंकेच्या तळाशी, एक पाठ पूर्ण आणि अर्धी बाही अशा अवस्थेतला स्वेटर सुयांसकट सापडतो. त्यावर आपण हसतो आणि त्याला आरंभशूरपणा म्हणतो. आज आम्हाला म्हणायचे आहे ते असे: हा चढउतार विणणारीच्या चिकाटीचा कमी आणि तिच्या वेळेच्या हिशेबाचा जास्त आहे. सुयांचा टाका गेल्या कित्येक शतकांत फारसा बदललेला नाही. त्या टाक्याची किंमत कोण ठरवतो, हे मात्र सतत बदलत आले. आपण हा बदल टप्प्याटप्प्याने पाहू.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेल्या लाल लोकरी मोज्यांचा एक जोड आहे. इसवीच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांमधला. अंगठा वेगळा केलेला, म्हणजे सपातांबरोबर घालता यावा असा. पण तो एका सुईने, धागा ओवून गाठीसारखे फास घेत केलेला आहे. दोन किंवा अधिक सुयांवरचे खरे विणकाम इजिप्तमध्येच अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या सुमाराला दिसते, तेही सुती, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. तिथून ते युरोपात पसरले. इसवी १४०० च्या आसपास उत्तर जर्मनीतल्या एका वेदीचित्रात मरियम चार सुयांवर बाळाचा सदरा विणताना दाखवली आहे. चित्रकार मास्टर बर्ट्राम. देवाच्या आईच्या हातात सुया शोभतात असे लोकांना वाटू लागले होते, याचा अर्थ तोवर ते घराघरातले काम झाले होते.

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये विणलेल्या लांब मोज्यांना मागणी आली. गरिबांच्या मुलांना विणकाम शिकवायला शहरांनी शाळा काढल्या. कारण उघड होते. माग लागत नाही, जागा लागत नाही, चार सुया आणि लोकर मिळाली की पोट भरण्यापुरते काही हाती येते. या टप्प्यावर घरचे विणकाम हे रोजगाराचे साधन होते आणि त्याला भाव होता. 

१५८९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने मोजे विणण्याची चौकट, म्हणजे यंत्र तयार केले. हातात एका वेळी एक टाका पडतो. लीच्या यंत्रात प्रत्येक टाक्याला वेगळी सुई असल्यामुळे पूर्ण ओळ एका दमात पडते. राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार दिला नाही. सुयांवर जगणाऱ्या गरिबांच्या तोंडचा घास जाईल, हे कारण तिने दिले असे परंपरेने सांगतात. पुढे राजा जेम्सकडूनही काही मिळाले नाही. ली फ्रान्सला गेला, तिथला आश्रयदाता राजा चौथा आंरी १६१० मध्ये मारला गेला आणि लीचा शेवटही परदेशातच झाला. त्याच्या भावाने यंत्रे इंग्लंडला परत आणली आणि धंदा तिथेच वाढला.

इथे ॲरिस्टॉटलची आठवण येते. ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात तो म्हणतो की धोटे आपोआप विणू लागले, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. गंमत म्हणून केलेली ती कल्पना लीच्या चौकटीने अर्धी खरी केली. मग विणणारी माणसे मोकळी झाली का? 

त्याचे उत्तर पुढच्या अडीचशे वर्षांत आहे, आणि ते घराच्या आतच आहे. लीचे यंत्र कारखान्यात गेले नाही. ते झोपडीत, खिडकीजवळ उजेडात बसवले गेले. पुरुष चौकटीवर बसे, बायको मोज्यांची शिवण घाली, मुले धागा गुंडाळून देत. सगळे कुटुंब एकाच मोज्यामागे. पण यंत्र बहुतेकदा त्यांचे नसे. ते व्यापाऱ्याचे किंवा मधल्या दलालाचे असे आणि त्याचे आठवड्याचे भाडे मजुरीतून कापले जाई. काम नसलेल्या आठवड्यातही भाडे चुकत नसे. त्यामुळे दलालाचा फायदा यात होता की थोडे काम पुष्कळ यंत्रांत वाटावे, म्हणजे प्रत्येक यंत्राचे भाडे मिळत राहते. १८४४ मध्ये ब्रिटनमध्ये अशी सुमारे ४८,००० यंत्रे मोजली गेली. सरकारला चौकशी नेमावी लागली आणि १८४५ मध्ये तिचा अहवाल आला. त्या भागात ‘मोजेवाल्यासारखा गरीब’ अशी म्हणच पडली होती.

१८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये यंत्रे फोडणारे जे लडाइट, ते याच घरांतले होते. आपण त्यांना यंत्राचे शत्रू म्हणून ओळखतो. पण विचार करा, ज्याच्या घरात दोन पिढ्या यंत्रच नांदले, तो यंत्राचा शत्रू कसा असेल? त्यांचा राग रुंद यंत्रांवरच्या स्वस्त मालावर होता. सपाट कापड विणून, ते कापून, शिवून मोजे म्हणून विकले जात. ते लवकर उसवत आणि चांगल्या मोज्याचा भाव पाडत. सरकारने १८१२ मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. त्या विधेयकाविरुद्ध कवी बायरन उमरावांच्या सभागृहात बोलला, ते त्याचे तिथले पहिले भाषण. यंत्राचे भाडे मजुरीतून कापण्यावर कायद्याने बंदी आली ती १८७४ मध्ये. तोपर्यंत वाफेवरचे कारखाने उभे राहून घरातले यंत्र मरायलाच टेकले होते.

याच काळात उत्तरेकडच्या यॉर्कशायर डेल्समध्ये, डेंट आणि आसपासच्या खोऱ्यांत, हाताचे विणकाम अजून चालू होते. तिथे पुरुष, बायका, मुले सगळेच विणत. कमरेच्या पट्ट्यात लाकडी खोबण खोचून एक सुई तिच्यात अडकवायची, मग एक हात सुटा राहतो आणि गुरांमागे चालतानाही टाके पडतात. हिवाळ्यात शेजारपाजारचे लोक आळीपाळीने एकेका घरी जमत, म्हणजे एकाच चुलीवर आणि एकाच उजेडात सगळ्यांचे काम होई. आपल्याकडे पापड लाटायला बायका जमतात, तसेच. गाणी, गोष्टी आणि टाके बरोबर चालत. पण लोकर व्यापाऱ्याची, माल व्यापाऱ्याचा, दर व्यापाऱ्याचा. एकोणिसाव्या शतकात हाही धंदा ओसरला.

मग आणखी एक वळण आले. १८४० च्या सुमारास इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये विणकामाच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली. एडिंबरोच्या जेन गोगेन हिचे १८४० मधले पुस्तक त्यातले गाजलेले. वाचणारी कोण, तर सुखवस्तू घरातली स्त्री. म्हणजे खेड्यातली बाई ज्या टाक्याने पोट भरू शकत नव्हती, तोच टाका शहरातल्या दिवाणखान्यात सुसंस्कृतपणाची खूण झाला. टाका तोच. एकीकडे त्याला भाव उरला नाही, दुसरीकडे भाव मागणे अशोभनीय ठरले. पुढच्या काळात घरचे विणकाम ‘छंद’ म्हणून ओळखले गेले त्याची मुळे इथे आहेत.

छंदाचे कर्तव्य व्हायला वेळ लागत नाही. युद्ध आले की पुरे. विणकामाचे काही शब्द तर युद्धातूनच आलेत: ‘कार्डिगन’ हे क्रिमियन युद्धातल्या सेनापतीचे नाव; आणि आपण जिला माकडटोपी म्हणतो, तिचे इंग्रजी नाव १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईवरून पडले. पण खरी लाट आली ती १९१४ मध्ये. राणी मेरी आणि लॉर्ड किचनर यांनी सैनिकांसाठी मोजे आणि पोटपट्टे विणण्याचे आवाहन केले, संख्या लाखांत होती. घरोघर सुया निघाल्या. आणि इथे मेरी मॅकआर्थर या कामगार संघटनेच्या पुढारी बाईने एक गैरसोयीचा प्रश्न विचारला. युद्ध सुरू होताच कपड्यांच्या धंद्यातल्या हजारो कामगार स्त्रियांचे काम सुटले होते. सुखवस्तू बायका तेच काम फुकट करू लागल्या, तर या बायकांनी जगायचे कसे? प्रश्न राणीपर्यंत गेला. कामगार स्त्रियांना पगारी काम मिळावे म्हणून राणीच्या नावाने निधी उभा राहिला आणि त्या कामाच्या समितीची जबाबदारी खुद्द मॅकआर्थरबाईंकडे आली. देशप्रेमावर कोणी शंका घेतली नव्हती. विचारले एवढेच होते, की माझ्या दानाची किंमत दुसरी कोणी तर मोजत नाही ना?

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात लोकर होती, पण सुया नव्हत्या. दख्खनी मेंढीची राठ, काळी लोकर धनगर कातरत, सनगर ती खड्डा मागावर विणून चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी करत. सुयांवरचे विणकाम आले ते मुख्यतः युरोपीय लोकांबरोबर आणि मिशनच्या शाळांबरोबर. बरोबर शब्दही आले: ‘मोजा’ आधीच फारसीतून आलेला होता, ‘स्वेटर’ आणि ‘मफलर’ इंग्रजीतून, ‘क्रोशा’ फ्रेंचमधून. ‘टोपडे’ मात्र आपले होते, ते लोकरीचे झाले.

मुलींच्या शिक्षणाच्या वादात सुईला मोठे स्थान होते. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने मुलींना इंग्रजीपेक्षा मराठी, नीती आणि शिवणकामासारखे घरोपयोगी विषय शिकवावेत असा आग्रह धरला. पंचवीस वर्षांनी, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले. तिथेही शिवणकाम शिकवले जाई, पण हेतू वेगळा: विधवा, परित्यक्ता, गरजू बाईला स्वतःच्या हाताने चार पैसे मिळवता यावेत. सुई दोन्हीकडे होती. एकीकडे ती बाईला घरात ठेवण्यासाठी, दुसरीकडे पायावर उभी करण्यासाठी. वाद सुईबद्दल नव्हताच, तिच्या टाक्याचे पैसे कोणाच्या हातात जाणार याबद्दल होता.

१९६२ चा हिवाळा आमच्या पिढीला चांगला आठवतो. चीनशी युद्ध सुरू झाले आणि सुती गणवेशातले जवान हिमालयातल्या थंडीत लढत असल्याच्या बातम्या आल्या. देशभरच्या घरांतून स्वेटर, मोजे, मफलर, कानटोप्या विणल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले त्याचा वेगळाच उत्साह होता. आमच्यासारख्या शाळकरी मुलांना दोन्ही हात पसरून लोकरीची लडी धरायला बसवले जाई आणि मोठ्या मुली गुंडे करत. ज्या बायकांनी बर्फ कधी पाहिला नव्हता, त्यांनी तो मनाने पाहून मापे धरली. ते काम खरे होते, त्यातली कळकळही खरी. तरी नोंद कशाची झाली? दिलेल्या सोन्याची पावती मिळाली. घातलेल्या तासांची पावती कोणी मागितली नाही आणि कोणी फाडलीही नाही.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मराठी मध्यमवर्गात विणकामाची भरती होती. मासिकांत नमुने छापून येत: एक सुलट, एक उलट, वेणीची वीण, जाळीची वीण. कचेरीतल्या बायका लोकलमध्ये विणत. मग यंत्रावरचे तयार स्वेटर स्वस्त झाले. लुधियानाचा माल सगळीकडे पोचला. दर हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी निर्वासितांची लोकरी कपड्यांची दुकाने लागतात, तिथलाही बहुतेक माल आता लुधियानाचाच असतो. दुकानातल्या ‘लोकरी’त आता अनेकदा मेंढीचा एक केसही नसतो, ती ॲक्रिलिक असते. चांगल्या लोकरीचे गुंडे घेतले तर त्यांचीच किंमत तयार स्वेटरपेक्षा जास्त होते. मग घरात कोणीतरी म्हणतेच, ‘एवढा खटाटोप कशाला? विकत आण की!’ या वाक्यात २८ तासांची किंमत शून्य धरलेली आहे. 

तत्त्वज्ञानात मोज्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १७४१ मध्ये छापलेल्या ‘मार्टिनस स्क्रिब्लेरस’ या उपहासग्रंथात सर जॉन कटलर नावाच्या कंजूष व्यापाऱ्याचे काळे लोकरी मोजे येतात. त्याच्या मोलकरणीने ते रेशमाने इतक्या वेळा रफू केले, की शेवटी लोकरीचा धागा उरलाच नाही, मोजे रेशमी झाले. मग हे मोजे तेच की दुसरे? वस्तूची ओळख द्रव्यात असते की आकारात? यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली, आम्हीही वर्गात तासन्‌तास बोललो. पण बघा, ज्या बाईने मोज्यांचा एकेक टाका बदलला, तिचे नाव कोणी विचारत नाही. कंजूष मालकाचे नाव राहिले. मोज्यांची ओळख हा प्रश्न झाला. हाताची ओळख हा प्रश्न झाला नाही.

आजच्या हिशेबात तो हात कुठे बसतो? आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक माणसाच्या कामाला एक क्रमांक देतात. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी व्यक्ती. ९३ म्हणजे घरकामाबरोबर सरपण, चारा, भाजी गोळा करणारी, किंवा घरासाठी शिवणारी, विणणारी व्यक्ती. हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेर मोजले जातात. म्हणजे स्वेटर विणणारी बाई सरकारी कागदावर आहे, तिला क्रमांकही आहे, फक्त ती काम करत नाही! २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसले, की घरातल्या बिनमोबदल्याच्या कामात असलेल्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. सुया आणि लोकर याच २९९ मिनिटांशी झगडत असतात.

आणि जी बाई घरी बसून दुसऱ्यासाठी नगावर काम करते, मोती ओवते, विड्या वळते, कपड्यांना बटणे लावते, तिची अवस्था नॉटिंगहॅमच्या झोपडीपेक्षा फार निराळी नाही. माल दुसऱ्याचा, दर दुसऱ्याचा, जागा आणि वीज मात्र तिची. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ ही संघटना काढली ती अशाच स्त्रियांची. त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून १९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी करार संमत केला: घरी बसून केलेले नगावरचे काम हेही काम, आणि ते करणारा कामगार. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

मग आपण करायचे काय? प्रत्येक घरच्या टोपड्याचे बिल फाडावे असे आम्ही म्हणत नाही. आजीने नातवासाठी विणलेल्या मोज्याला बाजारभाव लावला, तर त्यातले काहीतरी नक्कीच हरवेल. प्रेमाने दिलेला वेळ मोजून देऊ नये हे खरे. पण घेणाऱ्याने तो मोजू नये असे कुठे आहे? देणाऱ्याने विसरावे आणि घेणाऱ्याने लक्षात ठेवावे, ही दानाची जुनी रीत आपल्याला माहीत आहे. आपण तिचे उलटे करून बसलो. घेणारा विसरतो, आणि अर्धा राहिलेला स्वेटर पाहून देणारीलाच स्वतःची लाज वाटते.

म्हणून दोन साध्या सूचना. ट्रंकेतला अर्धा स्वेटर बाहेर काढा आणि पूर्ण होणार नसेल तर बिनधास्त उसवा. लोकर धुऊन, वजन बांधून टांगली की पीळ जातो आणि ती पुन्हा विणायला तयार होते. उसवणे हा या कलेतला पराभव नाही, ती तिची सोय आहे. आणि दुसरी: तो अर्धा का राहिला, हे घरातल्या सगळ्यांनी बसून एकदा मोजा. कोणाचे किती तास कुठे गेले, हे कागदावर लिहा. बेरीज करताना घरातल्या पुरुषांनी पेन्सिल हातात घ्यावी, एवढीच विनंती.

प्रश्न असतील तर आता घेऊ.